रोज चुका

“मफी... मफीशो... मफीबो...”

त्या नावाशी ती अडली. बोट ओळीवर तसंच राहिलं. तेवढ्यात पलंगावरून विचित्र आवाज आला, घशात काहीतरी अडकल्यासारखा. तिने बायबल उशाशी टाकलं आणि पाठीखाली हात घालून नवऱ्याला बसतं केलं. त्याचं अर्धं तोंड वाकडं होतं, ते तर आता नेहमीचंच. पण दुसरं अर्धं वर ओढलं गेलं होतं. डोळ्यांत पाणी होतं. खांदे गदगदत होते.

तो गुदमरत नव्हता. हसत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. चुकलेली वेलांटी त्याला हातभर अंतरावरून टोचायची. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. घर पाहुण्यांनी भरलेलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला त्याने मोठ्या कौतुकाने बायबल तिच्या हातात दिलं. तिने दोन ओळी वाचल्या असतील नसतील, तो म्हणाला, “थांब.” उच्चार सांगितला. चार शब्दांनी परत “थांब.” मग आणखी एकदा. नणंदेने हसू दाबलं, ते काही नीट दाबलं गेलं नाही. तिने पुस्तक त्याच्या हातात दिलं, ते कायमचंच. मग वाचायचा तो. खणखणीत, एक स्वल्पविराम न गाळता. ती शिवणकाम करणारी. ऐकता ऐकता मनातल्या मनात गिऱ्हाइकांचे झगे बेतायची. आमेन तेवढं वेळेवर म्हणायची.

मग त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पुस्तक कपाटात पडून राहिलं. लेक परगावाहून फोनवर म्हणाली, “आई, तू वाच ना बाबांना. रोज एक अध्याय.” ती वाचायला लागली. सकाळच्या गोळ्या, अंग पुसणं, अध्याय. एक उरकलं की दुसरं.

“हसा!” ती म्हणाली. “तोंडातून शब्द फुटत नाही, पण माझी चूक बरी सापडते!”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. त्याचं हसू विझलं. डाव्या हाताने त्याने चादर तोंडावर ओढून घेतली.

थोड्या वेळाने त्याच्याकडून व्यायाम करून घेणारी मुलगी आली. घरातली शांतता तिला खटकली. तिने विचारलं तशी हिने घडलं ते सांगून टाकलं. मुलगी खांद्यावरची पिशवी उतरवायची विसरली.

“काका हसले? आवाज काढून? अहो काकू, ‘आ’ करा, ‘ऊ’ करा म्हणून मी इथे कपाळ फोडून घेतेय! तुम्ही केलंत तरी काय?”

“काही नाही. चुकले.”

“मग रोज चुका!”

दुसऱ्या दिवशी ती तेच पान उघडून बसली. आधी एक डोळा ओळीवर होता, एक नवऱ्याच्या तोंडावर. मग दोन्ही ओळीवरच राहिले. त्या अवघड नावाचा, दोन्ही पायांनी अधू माणूस. आधीच्या राजाचा नातू, म्हणून आडगावात लपून राहिलेला. राजाचं बोलावणं आलं तशी आता मान उडणार म्हणून पायाशी लोळण घेतलेला. आणि राजा त्याला मारत नाही, रोज आपल्याच मेजावर जेवायला बसवतो. ही गोष्ट तिने नवऱ्याच्या तोंडून कितीदा ऐकली असेल. ती तिला कळली आज.

“अहो,” ती म्हणाली, “एकदा मेजाला बसल्यावर त्याचे पाय कोणाला दिसणार?”

त्याने तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या उजव्या पायाकडे. बराच वेळ. मग डावा हात तिच्या हातावर ठेवला.

तिथून गोडी लागली. तो पानं उलटून बोट ठेवायचा, ती तिथून वाचायची. नबुखद्नेस्सर राजाचं नाव काही केल्या जमेना, तेव्हा तिने त्याला सरळ ‘आपले नबूभाऊ’ करून टाकलं. नबूभाऊ बैलासारखे गवत खायला लागले तेव्हा हसण्याने तिलाच वाचवेना, आणि नवरा हसून हसून ठसकला. एकाचे दोन अध्याय व्हायला लागले. चहा निवायचा, गिऱ्हाइकं कुरकुरायची. झोपताना ती सांगायची, “उद्या सिंहांची गुहा.” कधी उजाडतंय, असं दोघांनाही व्हायचं. त्याचं हसू मोकळं झालं होतं. शब्द मात्र येत नव्हता.

एका रविवारी चर्चच्या मंडळीतली माणसं भेटायला आली. खुर्च्या पुरेनात. नणंद पुढ्यातच बसलेली. पाळकांनी बायबल उघडून तिच्यापुढे धरलं. “वहिनी, आज तुम्ही वाचा.”

देशोदेशीची माणसं एकत्र जमली होती आणि ज्याला त्याला आपापली भाषा ऐकू येत होती, तो भाग. तिने नेटाने सुरुवात केली. मग देशांची नावं आली.

“कप्प... कप्पदु...”

घरात दोघांतच चुकणं वेगळं. इथे कोणीतरी खाकरलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिची नजर आपोआप नवऱ्याकडे गेली. त्याचा चेहरा लाल झाला होता. मानेची शीर ताठ झाली होती. ओठ जुळत होते, सुटत होते, पुन्हा जुळत होते. तिला त्या ओठांची जुनी ओळख होती. तिने मान खाली घातली आणि ‘थांब’ची वाट बघितली.

“पु...”

सगळे वळले.

“पुढे,” तो म्हणाला.