पुढचा धडा

सकाळपासून काकूंच्या स्वयंपाकघराचं दार फरशीला घासत होतं. कालपर्यंत बोटाने ढकललं तरी मिटणारं दार आज खांदा लावूनही बसेना. खालच्या मजल्यावर आठवडाभर ठोकाठोक चालली होती, म्हणजे तिथे सुतार असणारच. त्याला दोन मिनिटं वर बोलवावं म्हणून काकू गुडघ्यांना शिव्या घालत जिना उतरल्या.

खालच्या घरातल्या सूनबाईने त्यांना दारातच धरलं. "सुतार कुठे पळून जातोय! आधी हे बघा, काकू. अख्ख्या घराचा नकाशा मी स्वतः केलाय. हे सॉफ्टवेअर शिकायला लागून महिनाही झाला नाही." लॅपटॉपवर तिने घर गरागरा फिरवून दाखवलं. लख्ख, मोकळं, कुणाची नजर लागेल असं.

"आणि हॉलमधला तो खांब गं?"

"सारखा मध्येच तडमडत होता. निवडला, डिलीट दाबलं, गेला! गवंडी आढेवेढे घेत होता, पण मी नकाशाच त्याच्या तोंडासमोर धरला. काल संध्याकाळी पाडला एकदाचा."

काकूंनी मान वर केली. पांढऱ्या छतावरून केसाएवढी एक रेघ थेट भिंतीपर्यंत गेली होती.

"अगं, पण वर आम्ही राहतो ना? आमचं घर कुठाय यात?"

"वरचा मजला होय?" सूनबाई हसली. "तो धडा पुढच्या आठवड्यात आहे, काकू."