न हलवता हललेला बाण

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी मुलगा "शेत विका" म्हणाला, म्हणून नेरच्या पुंडलिकरावांनी पुण्यातल्या या मुलाशी, नयनशी, बोलणंच टाकलं होतं. आज ते घरच्या कॉम्प्युटरवर कापसाचा भाव पाहत होते, तर माउसला हात न लावताच पडद्यावरचा बाण चालू लागला. सेटिंग्ज उघडल्या. अपडेटचं बटण आपोआप दाबलं गेलं.

पुंडलिकराव खुर्चीतून ताडकन उठले. "अवं, इकडे ये! हे आपल्या मनानंच चालून राह्यलं!"

मैनाबाई पदराला हात पुसत आल्या. "भेता कायले? नयन हाये थो. पुण्याहूनच आपला कॉम्प्युटर चालवते, दर महिन्याले."

पुंडलिकराव खुर्ची पुढे ओढून बसले. मग सेटिंग्जमधल्या शोधायच्या रिकाम्या चौकटीत त्यांनी एका बोटानं, अक्षरं शोधत टाइप केलं, "जेवला का रे?"

बाण जागच्या जागी थांबला.