करंजीची मुरड

"चेहरा चोरला, आवाज चोरला, आणि आता म्हणे करंजी करून दाखवा!" कुमुद पुटपुटली.

"हळू बोला हो जाऊबाई," वृंदा म्हणाली.

दोघी जावा पडताळणी केंद्रात बसल्या होत्या. कोणीतरी वृंदाचाच चेहरा नि आवाज घेऊन 'वृंदा फराळ'च्या दिवाळीच्या ऑर्डरी लाटत होतं. चेहऱ्यावर हल्ली कोणीच विश्वास ठेवत नसे. माणूस ओळखायचा तो हाताच्या वळणावरून. आज ओळख पटली नाही, तर दुकान हातचं जाणार होतं.

वृंदानं कॅमेऱ्यासमोर करंजीला मुरड घातली. यंत्रानं ती गिऱ्हाइकांनी अकरा वर्षांत टाकलेल्या फोटोंशी ताडून पाहिली.

"जुळत नाही, ताई," कारकून ओशाळून म्हणाला. "त्या तोतयाचीही जुळली नव्हती."

"आण इकडे, कड फाटलीय." कुमुदला राहवलं नाही. तिची बोटं काठावरून सरसर फिरली.

समोरची भिंत उजळली. लग्नांतल्या, डोहाळजेवणांतल्या, परदेशी टेबलांवरच्या हजारो करंज्या उमटत गेल्या आणि प्रत्येकीच्या काठाला तीच नाजूक वेणी. कारकून नकळत उभा राहिला. कुमुद आपल्या मैदा लागलेल्या बोटांकडे बघत राहिली.

"एवढ्या?" ती म्हणाली.

"मालक म्हणून नाव काय लिहू?" कारकुनानं विचारलं.

करंज्या खरं तर कोणाच्या हातच्या, हे घरात अकरा वर्षं कोणी बोललं नव्हतं.

"कुमुद पोंक्षे लिहा," वृंदा म्हणाली. "करंज्या यांच्याच आहेत. मी नुसती फोटोत हसायचे."