पेशंटने हलायचं नाही
“पेशंटने हलायचं नाही आणि बोलायचं नाही,” असं पूर्वानं मला सकाळपासून बजावलं होतं, तेही इंग्रजीत. पूर्वा माझी नात. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठात ती खेळाडूंच्या दुखापतींवर मास्टर्स करत होती. कोरोनात वर्ग ऑनलाइन झाले, तशी ती आयर्लंडला, ॲडम्सटाउनच्या घरी परतली. माझी परतीची विमानं बंद झाल्यामुळे लेकाकडे आलेला मीही तिथेच अडकलो. घोट्याला पट्टी बांधून दाखवायची परीक्षा लॅपटॉपसमोर होती आणि बाहेरचं कुणी घरात येऊ शकत नव्हतं, म्हणून मी माझा म्हातारा घोटा पुढे केला. “पट्ट्या बांधायला मास्टर्स कशाला लागतं?” असं मी मागे एकदा बोलून बसलो होतो, त्याची ही भरपाई. पडद्यावरच्या प्रोफेसरांनी सुरू करायला सांगितलं. पांढऱ्या टेपचं रीळ घेऊन ती माझ्या पायाशी वाकली. तिचे हात थरथरत होते. आणि माझा हात आपसूक तिच्या डोक्यावर गेला. “यशस्वी हो,” मी म्हणालोसुद्धा. नात पायाशी वाकल्यावर माणूस दुसरं काय करणार? ती पांढरीफटक पडली. प्रोफेसरांनी विचारलं, पेशंट काय म्हणाले? “सॉरी सर, ही... ही ब्लेस्ड मी,” ती कशीबशी इंग्रजीत म्हणाली. प्रोफेसर मान खाली घालून म्हणाले, “आमेन. आपल्याकडे परीक्षेआधी प्रार्थना असते, आज मी विसरलोच होतो. बांध आता.” तिनं पट्टी घट्ट, सरळ बांधली, हात जराही थरथरला नाही. हलत होता तो माझा पाय.