पार्किंग चांगलं आहे

“एक की दोन?” मनोऱ्याची तिकिटं देणाऱ्या बाईनं खिडकीतून डोकावून विचारलं. “त्याही येणार?”

“मी इथंच बसते,” ड्रायव्हरच्या बायकोनं परस्पर सांगून टाकलं. नदीकाठच्या दगडी बाकावर ती टेकली होती. गाडीपासून इथवर येतानाच तिचा जीव अर्धा झाला होता.

“मग मीही नाही जात,” ड्रायव्हर म्हणाला.

“जा हो. मी काय पळून जाणार आहे?”

उभा जन्म त्यानं सहलीच्या बसवर काढला होता. या गावात तर तो डोळे मिटूनही गाडी आणू शकला असता. पण प्रवासी मनोरा चढायचे, जुना पूल बघायचे, नावेतून फिरायचे, तेव्हा तो मागच्या सीटवर ताणून द्यायचा. कसं आहे हो ते गाव, असं बायको घरी विचारायची. “पार्किंग चांगलं आहे,” तो म्हणायचा, आणि दोघंही हसायची. रिटायर झालो की जाऊ, हे ठरलेलंच होतं. तो रिटायर झाला आणि तिचं दुखणं निघालं. परवा डॉक्टरांनी औषधं बंद केली. कुठं जाऊन यायचं असेल तर आत्ताच या, म्हणाले.

मनोऱ्याचा जिना अरुंद होता, गोल गोल फिरणारा. वर पोचेपर्यंत त्याच्या छातीचा भाता झाला.

“काका, जरा सरकता का? पूल येत नाहीये फोटोत.”

तो सरकला. खाली नदीनं गावाला विळखा घातला होता. लोक कशाकशाकडे बोटं दाखवत होते. त्यानं कठड्यावरून वाकून बाक शोधला. बाकावर करड्या शालीचा एवढासा ठिपका होता. त्यानं हात हलवला. मग दोन्ही हात हलवले. ठिपका हलला नाही.

तो उतरला कसा, त्याचं त्यालाच कळलं नाही. बाकाशी येऊन त्यानं तिच्या खांद्याला हात लावला.

तिनं डोळे उघडले. “एवढ्यात आलात? काय काय पाहिलंत?”

“छान आहे. नदी... नदी बरीच मोठी आहे.”

“आणि पूल?”

त्याला पूल आठवेना. तो तिच्याशेजारी बसला आणि गुडघ्यांवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिला.

“तू नव्हतीस,” तो म्हणाला. “काही बघवलंच नाही मला.”

तिनं शालीच्या टोकानं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला.

“म्हणून तर एकट्याला पाठवलं,” ती म्हणाली. “उद्या पुन्हा चढा.”