मोरबेन कोण?

करी रोडला आमची चाळ होती तिथे आता ‘बेन मोर’ नावाचा बेचाळीस मजली टॉवर आहे आणि मी त्याच्या गेटवर वॉचमन. पाटी वाचून प्रत्येक टॅक्सीवाला विचारतो, "काका, ये मोरबेन कौन थी?" सेक्रेटरीसाहेब सांगतात, ते स्कॉटलंडचं नाव आहे, तिकडच्या गेलिक भाषेत मोठा डोंगर. आता करी रोडला मी डोंगर कुठून दाखवू?

शेवटी कंटाळून मीच सांगायला लागलो, "गुजरातीण होती. गिरणीच्या संपात हातातल्या पाटल्या मोडल्या, पण रोज अख्ख्या चाळीला पेज वाढली." हल्ली येता-जाता भाजीवाल्या त्या पाटीखाली फूल ठेवतात. काल तर खुद्द सेक्रेटरीसाहेब हात जोडून गेले.

घरी बायको चिडली, "तुमी लोकांका खोटा कित्याक सांगतास?"

मी म्हटलं, "नाव तेवढं खोटं गो. पेज वाढणारी माझी आये होती, पण रमाबाई कोण, असं आजवर कुणी विचारलंच नाही."