नाल्याच्या खालचं गाव

“शून्य टाका ना, म्याडम,” तुळशीरामशेठ पुन्हा म्हणाले.

नेत्रानं डोळे मिटून घेतले. सकाळपासून ती शेलार गावातल्या या डाईंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, लॅपटॉप उघडून बसली होती. बँकेनं तिला पाठवलं होतं ते एवढ्याचसाठी: कारखान्याच्या रंगाच्या पाण्यानं कुणाचं काही बिघडलं, तर उद्या शेठच्या बोकांडी किती भरपाई बसेल, याचा अंदाज काढायला. अंदाज बेताचा आला तर नव्या मशिनींचं कर्ज मंजूर, फुगला तर नामंजूर. गंगेत घोडं न्हालं असं धरून शेठनी निम्म्या जुन्या मशिनी आधीच भंगारात काढल्या होत्या.

“शेठ, शून्य कुणाचंच नसतं. मागच्या नाल्यात तुमचं पाणी जातंय. आज लाल दिसलं.”

“काल हिरवं व्हतं. ऑर्डर असंल तसं.”

“आणि ते शुद्ध करायची टाकी?”

“हाय ना. बंद हाय. लाईट बिल कोन भरनार?”

यावर माणसानं हसावं की कपाळ बडवून घ्यावं? समोरचा लबाड असता तर बरं झालं असतं. लबाडाला निदान काही लपवायचं तरी असतं. नेत्रानं मुकाट्यानं टाइप केलं.

“खाली नाल्याकाठी गाव आहे. शेतं आहेत, विहीर आहे. त्यांनी दावा लावला तर?”

“न्हाय लावनार.”

“विहीर नासली तरी?”

“ती कवाच नासली. टँकर येतो त्यांना.” शेठ सहज बोलून गेले. “तवा आले व्हते की बोंबलत. दोन बैठका झाल्या. कोर्टात खेचतो म्हनाले. मंग गप झाले.”

“पण का गप झाले? माझ्या साहेबांना कारण लागतं, शेठ! ‘मंग गप झाले’ असं लिहून पाठवू मी?” नेत्राचा आवाज चढला. आपण कुणाच्या तरी कारखान्यात बसून ओरडतोय हे तिच्या लक्षात आलं, पण आता तिला त्याचंही काही वाटेना.

तेवढ्यात कारखान्यामागच्या घरातून शेठची मुलगी दिपाली चहा घेऊन आली. बाळंतपणाला माहेरी आली होती, सावकाश चालत होती. शेठनी तिच्याकडं हात केला. चेहऱ्यावर असा आनंद, जसं काही म्याडमचं अडलेलं गणित त्यांनीच सोडवून दिलं.

“हे बघा कारन! ही पोरगी त्याच गावात दिली मी. हिचा सासराच तवा म्होरं व्हता, त्याच्या शब्दाबाहेर गाव न्हाय. लगीन झालं, विषय मिटला. सोयऱ्याला कोर्टात कोन खेचतो, म्याडम? सून घरात नांदतेय तवर दावा न्हाय.”

नेत्राची बोटं थांबली. पाइप, टाक्या, परवाने, पॉलिस्या, सगळं तिनं पाहिलं होतं. इतका पक्का विमा एकाही कारखान्याचा पाहिला नव्हता. आणि तो लिहायचा कुठे?

दिपालीनं ट्रे टेबलावर ठेवला, पण ती जागची हलली नाही.

“त्या टँकरखाली हंडा लावून मी उभी ऱ्हाते, बाबा.”

“तुला कोनी विचारलं? म्याडमशी बोलतोय ना मी. जा आत.”

ती गेली नाही. पदराचं टोक मुठीत धरून वडिलांकडं बघत राहिली. लग्नाची तारीख तिला ठाऊक होती, त्याच्या आधी बैठका झाल्याचंही ठाऊक होतं. दोन्ही कुणी एका दमात बोलून दाखवलं नव्हतं, इतकंच.

“म्हनून दिली का मला तिथं?”

नेत्रानं मान खाली घातली. शेठनी कप उचलला, बशीत चहा ओतला, फुंकर मारली. त्यांना खरंच कळेना, पोरगी एवढी का चिडली.

“मंग?” ते म्हणाले. “घर वाईट बघितलं का तुला?”